नियमात बसणारा मासा

अलास्कातील होमर बंदरातून आम्ही भाड्याच्या नौकेने हॅलिबट धरावयास निघालो. समुद्रतळाशी पडून राहणारा हा चपटा मासा. बालपणीच त्याचा एक डोळा सरकून दुसऱ्या डोळ्याशेजारी येतो. दुपारी गळ जड झाला. घटकाभराच्या झुंजीनंतर पुरुषभर लांबीचे धूड वर आले.

“नियमात बसते, ठेवा,” तांडेल म्हणाला. “एवढी मोठी म्हणजे मादीच. पोटात लक्षावधी अंडी असतात.”

याच माशाच्या रक्षणासाठी अमेरिका व कॅनडा यांनी १९२३ साली करार केला होता, हे आम्हांस ठाऊक होते. जिभेला पाणी सुटले, हेही कबूल करतो. तरी आम्ही तिला सोडविले.

वीस वर्षे वकिली करून ‘नियमात बसते काय?’ एवढेच आम्ही विचारीत आलो. त्यापुढचा प्रश्न त्या दिवशी प्रथम सुचला.