घड्याळावरचं नाव



आपल्या लग्नातलं एचएमटी आठवतं का? कंपनीचं नाव बाराच्या खाली, बारीक अक्षरात. ‘जनता’च्या काही घड्याळांवर तर देवनागरीत. १९६१ साली बंगळूरला जपानच्या सिटिझनच्या मदतीने हा सरकारी कारखाना सुरू झाला. जाहिरातीतल्या घड्याळात नेहमी दहा वाजून दहाच मिनिटं का झालेली असतात, त्याचंही एक कारण हे नावच. दोन काट्यांच्या मधे ते उघडं राहतं. मी कॉमर्सची, जागेचं मोल मला कळतं.

पण आता बाराचा आकडाच काढून तिथे चकचकीत चिन्ह बसवतात. बाकी नुसत्या रेघा. सासूबाईंना नातवाने हौसेने असंच आणलं. अधू नजरेला ते चिन्ह काट्यासारखं दिसतं. सामायिकाची ४८ मिनिटं, चौविहाराची वेळ, दर वेळी “किती वाजले गं?” जन्मभर स्वतःची वेळ स्वतः पाहिलेल्या बाईला हे विचारणं जड जातं. नातवाला बोलूनही दाखवत नाहीत.

म्हणून खामगावला गेले की ठळक बारा आकड्यांचं आणणार आहे. नाव कुठलंही असो, आकड्यांच्या आत हवं.