दाराचा आवाज

बाबा गाडीचं दार कधी आपटत नाहीत. पंजानं हलकं ढकलतात आणि मान किंचित कलती करून ऐकतात. दोन आवाज यायला हवेत असं त्यांचं म्हणणं. पहिला कुलपाचा, बारीक. त्याला लागूनच दुसरा, रबर दबल्याचा, मऊ. दोन्हींत अंतर पडलं तर बिजागरी चुकली. नुसतंच 'खण्ण' वाजलं तर पत्र्याला पत्रा लागतोय. कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यात ते १९६६ साली, एकोणिसाव्या वर्षी लागले आणि अठ्ठावीस वर्षं त्यांनी फियाटला दारं बसवली. आमच्या घरी मात्र गाडी कधीच नव्हती. त्या काळी फियाटसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहावी लागे, आणि नंबर लावायचे पैसेही आमच्यासारख्यांच्या हिशेबात बसत नसत.

निवृत्तीनंतर आई-बाबा तळेगावला राहायला आले. २०१८ च्या उन्हाळ्यात माझ्या मुलीच्या लक्षात आलं की सकाळी फिरायला गेलेले आजोबा स्टेशनकडच्या एका जुन्या बंगल्यापाशी रोज थांबतात. आत आंब्याखाली, पालापाचोळ्यात निम्मी बुडालेली एक फियाट उभी होती. १९६८ ची, ११०० डिलाइट. चारही चाकं जमिनीत रुतलेली, मागच्या सीटवर मांजरीची पिल्लं. बाबांनी आमच्यापैकी कुणाला याबद्दल एक शब्द सांगितला नव्हता. मुलीनं मला सांगितलं, मी दादाला फोन केला आणि पावसाळ्याआधी ती गाडी टेम्पोवर चढवून आमच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आणली. मांजरीही सोबत आल्या.

आम्हा सगळ्यांना मनातून एकच आशा होती: हिचं एखादं दार बाबांनीच बसवलेलं असेल, त्यांच्या हाताची काहीतरी खूण सापडेल. मुलीनं तर दाराच्या आतलं कार्ड उघडताना टॉर्च धरून कोपरान् कोपरा पाहिला. काही नव्हतं. बाबा म्हणाले, "अगं, दिवसभर दारंच दारं समोरून जायची. माझं कुठलं आणि शेजारच्याचं कुठलं, कसं ओळखणार?" आणि बिजागरीचे स्क्रू सैल करायला बसले.

ही गाडी मुळात इटलीची. तुरिनच्या फियाट कंपनीनं १९५३ मध्ये '११००/१०३' बाजारात आणली. घडवणारा अभियंता दान्ते जाकोसा. त्याआधीची चिमुकली 'तोपोलिनो' आणि नंतरची 'नुओवा ५००' याही त्याच्याच. इटालियन लोक हिला 'मिलेचेंतो', म्हणजे अकराशे म्हणत. आपल्याकडे सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये काढलेल्या प्रीमियर कंपनीनं ती कुर्ल्यात आणली. जुन्या गोल अंगाच्या, पुढे नाक काढलेल्या मॉडेलला मुंबईकरांनी 'डुक्कर फियाट' करून टाकलं. मग १९६४ पासून डिलाइट आली, चौकोनी आणि नीटस. सत्तरच्या दशकात तिचीच 'प्रीमियर प्रेसिडेंट' आणि पुढे 'पद्मिनी' झाली. इटलीत डिलाइटच्या जोडीदारणीला १२२१ सीसीचं इंजिन मिळालं. आपलं पेट्रोल इंजिन शेवटपर्यंत १०८९ सीसीच राहिलं. साठचं दशक संपताना इटलीनं अकराशेला निरोप दिला. कुर्ल्यात त्यानंतरही जवळजवळ तीस वर्षं त्या गाडीला दारं बसत होती. म्हणून मी हिला इटालियन म्हणते तेव्हा बाबा हरकत घेत नाहीत, फक्त म्हणतात, "नकाशा त्यांचा."

काम सुरू केलं तेव्हा आम्हाला वाटलं होतं, वर्षभरात होईल. साडेतीन वर्षं लागली. त्यातलं जवळजवळ दीड वर्ष एका चुकीनं खाल्लं. दादाच्या ओळखीच्या एका गॅरेजवाल्यानं खालचा कुजलेला पत्रा न कापता त्यावर लांबी भरली, घासली आणि वर रंग मारला. दिसायला सुरेख. बाबा तेव्हा बोलले होते, "पत्रा कापा." आम्ही ऐकलं नाही, कारण कापण्याचा खर्च तिप्पट होता. पहिल्या पावसाळ्यात दाराच्या खालच्या कडेला फोड आले. बोटानं दाबलं की करकर वाजायचे. गंज लांबीखाली आपलं काम करत होता. ते सगळं खरवडून पुन्हा नागव्या पत्र्यापर्यंत यावं लागलं. त्या दिवसांत घरात कुणी कुणाशी फारसं बोलत नव्हतं.

गंज तिथेच का धरतो, हे बाबांनी मुलीला बादलीभर पाणी ओतून दाखवलं. काचेच्या कडेच्या रबरातून पाणी दाराच्या पोटात उतरतं. त्याला बाहेर पडायला तळाशी बारीक भोकं ठेवलेली असतात. धूळ-पाला बसून ती बुजली की दार आतून टाकीसारखं भरतं. वर्षानुवर्षं आंब्याखाली उभ्या राहिलेल्या गाडीत काय होणार? तेव्हापासून दर रविवारी काडीनं ती भोकं साफ करणं हे मुलीचं काम आहे. मला वाटतं, सगळ्या कामांत तेच सर्वांत महत्त्वाचं.

दुसऱ्या खेपेला पत्राकाम बाबांच्या देखरेखीखाली झालं. या गाडीला वेगळी चासी नाही. तळ, बाजू, छत मिळून एकच पेटी, आणि सगळा भार तीच पेलते. दाराखालची पोकळ पट्टी एकदम कापून काढली तर गाडी मध्यात खचते, आणि मग कितीही ठोका, दार जागेवर बसत नाही. बाबांनी आधी दोन्ही खांबांमध्ये लोखंडी अँगल आडवे वेल्ड करून घेतले, सगळी दारं लावून बंद केली, आणि मगच एका बाजूची पट्टी कापू दिली. ती पूर्ण बसल्यावर दुसरी बाजू. वेल्डर तरुण होता, रोज संध्याकाळी जाताना बाबांच्या पाया पडायचा. दारांची फट त्यांनी पट्टीनं मोजली नाही. बोट फिरवलं. पुढचं डावं दार बसवायला त्यांना चार दिवस लागले: बिजागरीखाली पत्र्याची बारीक चकती घालायची, ढकलायचं, ऐकायचं, काढायचं. एव्हाना त्यांना उजव्या कानानं कमी ऐकू यायला लागलं होतं, म्हणून ते डावी बाजू दाराकडे करून उभे राहत.

इंजिनाबद्दल थोडक्यात सांगते, कारण ते त्या मानानं सोपं गेलं. ६८ मिलिमीटरचा बोअर झिजून अंडाकृती झाला होता. लेथवाल्याकडे नेऊन मोठा करून घेतला आणि जाड पिस्टन-रिंगा घातल्या. पद्मिनीचे बरेचसे भाग हिला चालतात. वॉटर पंप, क्लच प्लेट, पॉइंट, सोलेक्स कार्बोरेटरचा किट, सगळं नाना पेठेत मिळालं. डिलाइटचे मागचे दिवे आणि समोरची जाळी मात्र कुठेच मिळेनात. दिवे दादाला मुंबईच्या चोर बाजारात सापडले, एकाची काच तडकलेली. जाळी पुण्याच्या जुन्या बाजारात, बुधवारी, एका बाईच्या पथारीवर पितळी समयांच्या शेजारी होती. तिला ती चूल झाकायला बरी वाटली होती म्हणे.

रंगावरून खूप वाद झाला. दादाला लाल हवा होता, मुलीला आरशासारखा चमकणारा. मी डॅशबोर्ड सोडवल्यावर त्याच्या मागे, जिथे ऊन कधी पोचलंच नव्हतं, मूळ रंग मिळाला: फिकट, निळसर करडा. तोच मारायचा ठरलं. आणि चमक? बाबा ठाम होते. "कारखान्यातून इतकी चकचकीत गाडी कधी निघालीच नाही. रंगाला जरा संत्र्याच्या सालीसारखी कातडी असायची. ती राहू दे." प्रदर्शनांत मी आता कितीतरी जुन्या गाड्या पाहते, नव्यानं घडवलेल्या दागिन्यासारख्या. त्यांच्यामागे कष्ट आहेत, मला मान्य आहे. पण त्या गाड्या ज्यांनी पहिल्यांदा बांधल्या त्या माणसांचा हात तिथे पुसला जातो, आणि मला ते खुपतं.

कागदपत्रांचं काम दादानं केलं. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. अशी गाडी रोजच्या कामाला किंवा धंद्याला वापरायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती अशा कारणांसाठीच रस्त्यावर आणायची. जुना नंबर आम्हाला ठेवता आला, याचा बाबांना सर्वांत आनंद झाला.

२०२३ च्या जानेवारीत आम्ही तिला मुंबईला एका प्रदर्शनात नेलं. पहाटे चारला निघालो. बाबांनी सांगितलं होतं, कुर्ल्यावरून जाऊ. एल.बी.एस. मार्गावर कमानीच्या पुढे त्यांनी गाडी हळू करायला लावली. कारखाना होता तिथे आता उंच इमारती आहेत, सुरक्षारक्षक, झाडांच्या कुंड्या. बाबांनी काच खाली केली, पाहिलं, वर केली. "गेट तिथं होतं," एवढंच म्हणाले.

प्रदर्शनात आमची गाडी एका बाजूला एक मोठी रोल्स रॉइस आणि दुसऱ्या बाजूला लाल स्पोर्ट्स कार अशी उभी होती. लोक यायचे, दोन्हीकडे फोटो काढायचे, आमच्याकडे बघून म्हणायचे, "अरे, ही तर टॅक्सी!" सुरुवातीला मला वाईट वाटलं. पण मग तेच लोक थांबायचे. कुणाचे वडील हिच्यातून आईला हॉस्पिटलात घेऊन गेले होते, कुणी लग्नात हिच्यात बसून आली होती, कुणी गणपती आणला होता. रोल्स रॉइसपाशी कुणी आपल्या घरातली गोष्ट सांगत नव्हतं. दुपारी साताऱ्याकडचे एक निवृत्त टॅक्सीवाले आले. न विचारता त्यांचा हात खिडकीतून आत गेला आणि स्टीअरिंगवरच्या गिअरच्या दांडीवर थांबला. "पहिला पडताना करकरतो का?" त्यांनी विचारलं. हिच्या पहिल्या गिअरला सिंक्रो नसतो; गाडी पूर्ण उभी केल्याशिवाय टाकला तर दात वाजतात. बाबा म्हणाले, "नाही करकरत. पण घाई केली तर करकरेल." दोघं तासभर वॉटर पंपाबद्दल बोलत बसले. त्याच वर्षी ऑक्टोबरात मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली. बातमी वाचली तेव्हा मला ते गृहस्थ आठवले.

परीक्षक आले. वहीत काहीतरी टिपत होते. सीटचं रेक्झिन मूळ नमुन्याचं नाही हे त्यांनी बरोबर ओळखलं. मग त्यांनी पुढचं डावं दार उघडलं आणि जोरात लावलं. बाबा एक पाऊल पुढे आले. "साहेब, नुसतं ढकला." परीक्षकांनी त्यांच्याकडे पाहिलं, दार पुन्हा उघडलं आणि पंजानं ढकललं. मग आणखी एकदा उघडलं आणि ढकललं. वहीत मात्र काही लिहिलं नाही. बक्षीस आम्हाला मिळालं नाही.

परतीला खोपोली सोडून बोरघाट चढताना इंजिन अडखळायला लागलं. उन्हानं आणि चढानं पेट्रोल पंपातच वाफ धरत होतं. शिंग्रोबाच्या देवळापाशी थांबलो. बॉनेट उघडलं, मुलीनं पंचा ओला करून पेट्रोल पंपावर गुंडाळला, रेडिएटरला हात लावायचा नाही म्हणून आजोबांनी बजावलं. आम्ही देवळात नाणं वाहिलं आणि सावलीत बसलो. अर्ध्या तासानं बाबांनी दादाच्या हातातली किल्ली घेऊन मुलीला दिली. एकोणीस वर्षांची होती, लायसन्स नवं, घाटात तिनं ही गाडी कधी चालवली नव्हती. दादानं तोंड उघडलं आणि मिटलं.

बाबा तिच्या शेजारी, डावीकडे बसले. ती आत शिरली, उजवीकडचं दार पंजानं ओढून घेतलं. बाबांचा उजवा कान त्या बाजूला होता.

"दोन आले?" त्यांनी विचारलं.

"दोन आले, आजोबा."

"मग टाक पहिला."