लगाम सैल सोड ना!

शनिवार, सकाळचे साडेसहा. मुंबईत असते तर या वेळी मी अलार्म स्नूझ करून पुन्हा पांघरुणात गेले असते. पण आज बंगळुरूच्या उत्तरेला, एअरपोर्टच्या वाटेवरून आत वळल्यावर लागणाऱ्या एका रायडिंग स्कूलमध्ये उभी आहे. डोक्यावर उसनं हेल्मेट. समोर घोडा, आणि तो माझ्याकडे ढुंकूनही बघत नाहीये.

मला इथवर आणलं फवाद मिर्झाने. म्हणजे, त्याच्या स्टोरीने. बंगळुरूचा हा मुलगा इव्हेंटिंग करतो. हा घोडेस्वारीतला ट्रायथलॉनच समजा. आधी ड्रेसाज, म्हणजे घोड्याची शिस्तबद्ध चाल. मग क्रॉसकंट्री, म्हणजे माळ, पाणी, ओंडके पार करत सुसाट धाव. शेवटी शो जंपिंग. तिन्हीला स्वार तोच आणि घोडाही तोच. चुकलात की पेनल्टी. ज्याची कमी, तो जिंकला.

2018च्या जकार्ता एशियाडमध्ये फवादने दोन रौप्यपदकं आणली, एक वैयक्तिक, एक टीमचं. एशियाडच्या घोडेस्वारीत 1982 नंतर भारताला मिळालेलं ते पहिलं वैयक्तिक पदक. घोडा होता सिन्यूर मेडिकॉट, लाडाचं नाव मिकी. पुढे मिकी जखमी झाला. आता काय? तुमचा लॅपटॉप बिघडला तर आयटीवाले दुसरा देतात. इथे अर्धा पार्टनरच तबेल्यात बसलेला! फवादने दुसऱ्या घोड्यांवर पॉइंट्स जमवून ऑलिंपिकचं तिकीट काढलं आणि टोकियोत उतरला तो बऱ्या झालेल्या मिकीवरच. 2021 मध्ये झालेल्या त्या ऑलिंपिकमध्ये तो जंपिंगच्या फायनलपर्यंत गेला, 23वा आला. त्याच्याआधी ऑलिंपिकमध्ये दिसलेला आपला घोडेस्वार होता मुंबईचा इम्तियाज अनीस, सिडनी 2000. मध्ये तब्बल दोन दशकं कोणीच नाही.

यासाठी फवादला घर सोडून जर्मनीत राहावं लागलं, 2014ची वर्ल्ड चॅम्पियन सँड्रा आउफार्थच्या हाताखाली. कारण स्पर्धा तिकडे, आणि आजारांच्या नियमांमुळे भारतातले घोडे युरोपात नेणं महाकठीण. 2025 मध्ये मेरठच्या लष्करी केंद्राला घोड्यांसाठीचा रोगमुक्त विभाग म्हणून जागतिक मान्यता मिळाली, तेव्हा कुठे दार किलकिलं झालं.

गेल्या वर्षी मी नोकरी सोडून फ्रीलान्सिंग सुरू केलं. तेव्हापासून आईचा रोजचा प्रश्न, ‘पुढे काय गं?’ करिअर म्हणजे शिडी, दरवर्षी एक पायरी वर, असं आपण धरूनच चालतो. फवादची शिडी तर एका घोड्याच्या पायावर उभी होती.

‘मॅडम, लगाम मत खींचो,’ इन्स्ट्रक्टर ओरडले. ‘आप डरती हो, उसको पता है.’

मी हात सैल सोडले. रिकिबीतल्या टाचा खाली दाबल्या. दोन मिनिटं काहीच नाही. मग तो चालायला लागला, त्याच्या मर्जीने, त्याच्या स्पीडने. फक्त एक राउंड. पण बॉस, काय राउंड होता!

दुपारी मांड्या ठणकत असताना अली अस्कर रोडवरून लंगडत गेले. इराणातून घोडे घेऊन आलेल्या एका व्यापाऱ्याचं हे नाव. तोही घर सोडूनच आला होता. जवळच फिल्टर कॉफी घेतली आणि आईला फोन लावला. म्हटलं, ‘पुढे काय ते माहीत नाही. पण आज पडले नाही.’

जाणार असाल तर : स्लॉट आधी फोन करून घ्या, जाड जीन्स आणि टाचेचे बूट घाला. आणि रविवारी काही प्लॅन करू नका. बसताच येणार नाही!