छंद, धंदा आणि नीरेचं पाणी

पुण्याहून साताऱ्याकडे निघालं की सारोळे कधी आलं आणि कधी मागे पडलं, हे आपल्यापैकी बहुतेकांना कळतही नाही. कात्रजचा बोगदा, खेड शिवापूरची भेळ, टोलनाका, कापूरहोळचा फाटा (उजवीकडे भोर, डावीकडे नारायणपूर आणि केतकावळ्याचा बालाजी), मग किकवी... आणि तेवढ्यात नीरेचा पूल. पलीकडे शिरवळ, म्हणजे सातारा जिल्हा. पुलाच्या अलीकडचं, पुणे जिल्ह्याच्या अगदी काठावर बसलेलं गाव म्हणजे सारोळे. तालुका भोर. महाबळेश्वरला निघालेल्यांना इथे नुकती डुलकी लागलेली असते आणि परतणाऱ्यांना घरचे वेध लागलेले असतात. वीकएण्ड डेस्टिनेशन म्हणून इथे कुणीच येत नाही. मी मात्र गेल्या काही महिन्यांत चार वेळा जाऊन आले. निमित्त, एक पत्र्याची शेड!

त्याचं असं झालं. माझी एक मैत्रीण हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. पाच वर्षांपूर्वी ती जयपूरला फिरायला गेली, तिथून बगरूला गेली आणि ठशांच्या छपाईच्या प्रेमातच पडली. येताना सहा ठसे घेऊन आली. मग कोथरूडच्या फ्लॅटची बाल्कनी गेली, त्यानंतर डायनिंग टेबल गेलं आणि शेवटी नवऱ्याची सहनशक्तीही संपत आली. आधी ऑफिसातल्या मैत्रिणींना दुपट्टे, मग त्यांच्या बहिणींना, मग प्रदर्शनात स्टॉल. असं करता करता तिने परवा राजीनामा दिला. नोटीस पीरियड चालू आहे. जागा हवी, पाणी हवं, उन्हात कापड वाळवायला मोकळं अंगण हवं आणि पुण्यातलं भाडं परवडत नाही. हायवेला लागून असलेलं, कुरिअर सहज पोचेल असं सारोळे तिला नकाशावर सापडलं.

‘सगळे जयपूरला जातात आणि तू सारोळ्याला?’ असं मी तिला विचारलं खरं, पण नंतर वाटलं, का नाही? छपाई ही काही फक्त राजस्थान-गुजरातची मक्तेदारी नव्हे. आपल्याकडचा भावसार समाज पिढ्यान्‌पिढ्या कापड रंगवणारा आणि छापणारा. रंगारी हे आडनाव झालं ते त्यातूनच. पुण्यात १८९२ साली सार्वजनिक गणपती बसवणारे भाऊसाहेब रंगारी मूळचे जावळे, पण घरात कापड रंगवण्याचा धंदा म्हणून रंगारी. बुधवारातला पासोड्या विठोबा आठवा. तिथे जाड्याभरड्या पासोड्या विकल्या जात, म्हणून विठोबाचं नाव तसं पडलं. आणि आजीच्या बोलण्यातलं ‘चिटाचं परकर-पोलकं’? ते चीट म्हणजे छापील सुती कापड. हाच आपल्याकडचा शब्द जहाजात बसून इंग्लंडला गेला आणि तिकडे ‘चिंट्झ’ झाला. म्हणजे माल आपला, नाव आपलं, फक्त आपण विसरलो.

पहिल्या फेरीत आम्ही दोघी शेडच्या मालकांना भेटलो. साठीतले गृहस्थ, सगळे त्यांना तात्या म्हणतात. शेड पूर्वी खताच्या गोण्या ठेवायला वापरायचे. मागे विहीर, विहिरीपलीकडे ऊस आणि उसाच्या पलीकडे उतार थेट नीरेकडे. मैत्रिणीने पिशवीतून ठसे काढून ओट्यावर मांडले. तात्यांनी एक उचलला, उलटा केला, वास घेतला.

“सागवान आहे.”

बरोबर ओळखलं! ठशाचं लाकूड बहुतेक सागाचंच असतं. कोरून झालं की ठसा काही दिवस तेलात बुडवून ठेवतात, म्हणजे लाकूड मऊ पडतं आणि नंतर पाण्या-रंगात तडकत नाही. ठशाच्या पाठीतून आरपार बारीक भोकं असतात. छापताना हवा बाहेर पडावी आणि रंगाचे बुडबुडे राहू नयेत म्हणून. गांधीनगरजवळचं पेथापूर हे गाव या कोरीवकामासाठी प्रसिद्ध आहे. मैत्रीण आता तिथूनच ठसे करून आणते. एका नक्षीला एक ठसा असं आपल्याला वाटतं, पण तसं नसतं. बाहेरची रेघ काढणारा तो ‘रेख’, आतले रंग भरणारा ‘दत्ता’ आणि मागची जमीन भरणारा ‘गद’. तीन रंग म्हणजे तीन ठसे, आणि तिन्ही एकमेकांवर केसाएवढेही न सरकता बसले पाहिजेत.

तात्यांच्या सूनबाईंना यात भलताच रस. त्यांनी आधी सगळं बघून घेतलं, मग थेट मुद्द्यावर आल्या. “ताई, एका ड्रेसला किती वेळ लागतो?”

इथे मैत्रिणीतली टेस्टिंग लीड जागी झाली. तिने वहीवर गणित मांडलं. चार इंची ठसा, ४४ इंची पन्हा, म्हणजे एका ओळीत ११ ठसे. अडीच मीटर कापड म्हणजे साधारण ९८ इंच, म्हणजे २५ ओळी. ११ गुणिले २५ झाले २७५. तीन रंग असतील तर ८२५ वेळा हात उचलायचा, रंगात टेकवायचा, खुणेवर नेमका बसवायचा आणि वरून मूठ मारायची. एका कुर्त्यासाठी! सूनबाई गप्प झाल्या. मग म्हणाल्या, “आणि बाजारात हजाराला तीन मिळतात.”

छंदाचा धंदा करू पाहणाऱ्या प्रत्येकाने हे वाक्य फ्रेम करून लावावं. हजाराला तीन मिळतात ते स्क्रीन प्रिंट किंवा डिजिटल प्रिंट असतात, नक्षी तेवढी ठशांची ढापलेली. ओळखायचं कसं? कापड उलटं करून बघा, हाताच्या छपाईत रंग बहुधा मागे उतरलेला दिसतो. दोन ठशांच्या सांध्यावर बघा, कुठेतरी किंचित दाट, कुठेतरी किंचित फिका. सगळी फुलं अगदी जुळी असतील तर समजा मशीन आहे. मला विचाराल तर स्क्रीन प्रिंट घालायला काहीच हरकत नाही, फक्त ते ठशांचं म्हणून विकू नये.

पण हाताच्या छपाईवर धंदा उभा राहतो, हेही तितकंच खरं. जॉन आणि फेथ सिंग या जोडप्याने जयपूरला १९७० मध्ये ‘अनोखी’ सुरू केलं आणि २००५ मध्ये आमेरला जुन्या हवेलीत हाताच्या छपाईचं म्युझियमही उभं केलं. बेंगळुरूचा ‘तरंगिणी’ स्टुडिओ १९७७ पासून शहरात राहून हेच काम करतोय. ही माणसं ठसे कोरणारी किंवा पिढीजात छापणारी नव्हेत. आपल्यासारखीच, प्रेमात पडलेली. फरक एवढाच की प्रेमात पडून त्यांनी हिशोब ठेवला.

दुसऱ्या फेरीला आम्ही गाव पाहिलं. मला तर इथेच गंमत वाटायला लागली. पारंपरिक छपाईला काय काय लागतं बघा. कापडाची खळ काढली की ते हिरड्याच्या पाण्यात भिजवतात. हिरडा आपला, सह्याद्रीतला. जुन्नर-आंबेगावच्या आदिवासी पट्ट्यात बाळहिरडा गोळा करण्यावर कितीतरी घरं चालतात. लाल रंगाला तुरटी. पिवळ्याला डाळिंबाची साल, आणि शेजारचा पुरंदर तालुका फळबागांचाच. काळ्याला गूळ आणि गंजलं लोखंड, दोन्ही पाण्यात घालून कित्येक दिवस आंबवायचं. गूळ या पट्ट्यात घरोघरी, आणि गंजलं लोखंड? हायवेवरच्या गॅरेजवाल्याने दोन किलो भंगार असंच दिलं, वर विचारलं, “मॅडम, याचं करता काय?” ड्रेस करतो म्हटल्यावर त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला.

म्हणजे सगळं जमून आलं होतं. भाडं ठरलं, अकरा महिन्यांचा करार ठरला. (जमीन विकत घ्यायची हौस असणाऱ्यांसाठी सूचना: महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला आधी तुम्ही शेतकरी असावं लागतं. तेव्हा सातबाऱ्याची स्वप्नं जपून बघा.) सूनबाई आणि बचतगटातल्या आणखी दोघी शिकायला तयार झाल्या. तिसऱ्या फेरीला ॲडव्हान्सचा चेक घेऊनच गेलो. चहा झाला. मैत्रीण चेक काढणार, तेवढ्यात तात्या म्हणाले, “ते सगळं बरोबर आहे ताई. पण कापड धुतल्यावर रंगाचं पाणी सोडणार कुठं?”

प्रश्न साधा होता. शेड वर, विहीर खाली, विहिरीच्या खाली ऊस आणि त्याखाली नदी. पाणी जाणार तरी कुठे?

नीरा ही काही कुणाच्या परसातली ओढा-ओहोळ नदी नाही. भोरच्या डोंगरात उगम, वाटेत भाटघरचं पाणी येऊन मिळतं, मग सारोळे-शिरवळवरून ती खाली वीर धरणात जाते. तिथून डावा-उजवा कालवा निघतो. पुढे नीरा गावाजवळ आषाढवारीत माऊलींच्या पादुकांना हिच्याच पाण्यात स्नान घालतात. इथे वर जे सोडाल ते खाली कुणाच्या तरी शेतात, कुणाच्या तरी घागरीत जाणार.

छपाईच्या गावांचा इतिहास हा खरं तर पाण्याचाच इतिहास आहे. अजरख छापणारे खत्री कच्छमध्ये धमडक्याला वसले ते तिथल्या नदीसाठी, कारण अजरखला पुन्हापुन्हा वाहतं पाणी लागतं. नदी आटत गेली. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपानंतर पाण्यात लोह वाढलं, रंग नीट बसेनात, आणि कित्येक कुटुंबांनी भुजजवळ नवं गाव वसवलं, अजरखपूर. पाण्याने दगा दिला म्हणून गाव हललं. सांगानेरला उलटं झालं. तिथे छपाईच्या रंगांनी पाणी बिघडलं आणि प्रकरण कोर्टापर्यंत गेलं.

मैत्रीण म्हणाली, “तात्या, आमचे रंग नॅचरल आहेत.” हे वाक्य प्रदर्शनात चालतं, विहिरीच्या मालकापुढे चालत नाही. तुरटी, लोखंडाचं आंबवलेलं पाणी हे नैसर्गिक असलं तरी रोज शंभर लिटर एकाच जागी ओतलं तर जमिनीला ते नकोच असतं. तात्यांनी तेवढंच सांगितलं, शांतपणे. “माझा ऊस जळाला तर मी कुणाला सांगू?”

चेक पर्समध्येच राहिला. परतताना खेड शिवापूरपर्यंत आम्ही दोघी बोललो नाही. नोटीस पीरियडचे तीन आठवडे उरले होते.

चौथी फेरी मागच्या रविवारी झाली. या वेळी तिने ठसे आणले नाहीत, कागद आणला. त्यावर तिने लिहिलं होतं: रंगवण्याचं, उकळण्याचं, खळ काढण्याचं काम सारोळ्यात नाही. ते जिथे सांडपाणी शुद्ध करण्याची सोय आहे अशा ठिकाणी तयार करून घ्यायचं. इथे फक्त पिगमेंटची छपाई, म्हणजे छापायचं, वाळवायचं, गरम इस्त्रीने पक्कं करायचं. धुवायचे ते ठसे आणि ट्रे, तेही तीन टाक्यांत एकापाठोपाठ एक, गाळ खाली बसेल असे. गाळ उचलून न्यायची जबाबदारी तिची. प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे काय लागतं याची चौकशी करून मगच काम सुरू. दिवाळीनंतर विहिरीचं पाणी तपासून आणायचं, खर्च तिचा. नापास झालं तर करार तिथेच संपला.

यात तिचं नुकसान आहेच. हिरडा, गूळ, गॅरेजचं भंगार, ते सगळं स्वप्न बाजूला पडलं. पिगमेंटचा रंग कापडाच्या वर बसतो, अजरखसारखा धाग्यात मुरत नाही, आणि चोखंदळ गिऱ्हाईक हात लावून ते ओळखतं. दर कमी मिळणार, हे तिला पक्कं माहीत आहे.

तात्यांनी कागद दोनदा वाचला. मग सूनबाईंना हाक मारून त्यांच्याकडे दिला. “तूच बघ. काम तुला करायचंय.” सूनबाईंनी एकच बदल सुचवला, तिसरी टाकी उसाकडे नको, बांधाच्या अलीकडे घ्या. मैत्रिणीने पेनाने ती जागा बदलली आणि सही केली.

तुम्हाला जायचं असेल तर स्वारगेटहून साताऱ्याकडची साधी एसटी पकडा. सारोळे स्टॉपला थांबते का, ते आधी कंडक्टरला विचारा. गाडीने पुण्यापासून पन्नासेक किलोमीटर. पावसाळ्यात पुलावरून नीरा बघायला थांबू नका, ट्रक अंगावर येतात. गावात उतरून काठाशी जा. शेडचं काम अजून चालू आहे. टेबलावर गोणपाटाचे थर ठोकून झालेत, टाक्यांचं प्लॅस्टर ओलं आहे.