विमानाची बॅग

विमानाने जाण्यासाठी घरातून निघावे आणि आधी आगगाडीच्या फलाटावर जाऊन उभे राहावे, यात काही विसंगती आहे असे मला वाटले नव्हते. आमच्या सौभाग्यवतीला मात्र ती तत्काळ दिसली. “अहो, मुलगी परदेशी निघाली, आणि तिला लोकलने पोहोचवणार?” असे ती म्हणाली, तेव्हा तिच्या आवाजात रागापेक्षा संकोचच अधिक होता. भरल्या आळीतून बॅग ओढत आम्ही चिंचवड स्टेशनाकडे निघालो म्हणजे शेजारीपाजारी काय म्हणतील, हा तिच्यापुढचा खरा प्रश्न होता.

“बाबा, मी टॅक्सी बोलावते. पैशांचा प्रश्न नाही,” मुलगी म्हणाली. पैशांचा प्रश्न नाही, हे वाक्य हल्लीची मुले इतक्या सहजपणे उच्चारतात की केवळ त्या एका वाक्यानेच आमच्या पिढीचा माणूस हट्टाला पेटतो. मी म्हटले, रस्त्याला वेळापत्रक नसते. आगगाडीला निदान ते छापलेले तरी असते. तिने मेट्रो सुचवली. पिंपरीहून २०२२ सालापासून मेट्रो धावते, हे मला ठाऊक नव्हते असे नाही. परंतु त्यासाठी आधी रिक्षाने पिंपरीस जावे, मध्ये एकदा गाडी बदलावी, आणि इतके करून स्टेशन दहा मिनिटांवर असलेल्या माणसाने आपल्या लोकलला पाठ दाखवावी, हे मला रुचेना. पुणे-लोणावळा लोकल १९७८ साली सुरू झाली, आणि त्यानंतर थोड्याच वर्षांनी मी तिने पुण्यास कॉलेजात जाऊ लागलो. पंखा बंद असला तर खिशातला कंगवा जाळीतून आत घालून पाते ढकलावे, ही विद्या मी त्या काळी कमावली. तर्कशास्त्राच्या तासांना कमावलेल्या विद्येपेक्षा ती पुढे अधिक उपयोगी पडली. असल्या गाडीविषयी माणसाच्या मनात जो ओलावा असतो त्याला व्यवहारज्ञान म्हणत नाहीत, हे मला आता कळते.

खरे पाहता आम्हां पिंपरी-चिंचवडकरांना विमानासाठी एवढा द्राविडी प्राणायाम करावा लागू नये, असा एके काळी बेत होता. नवा विमानतळ चाकण-राजगुरुनगरच्या बाजूस व्हावा म्हणून वर्षानुवर्षे जागा पाहिल्या गेल्या. कोठे डोंगर आडवे आले, कोठे जमिनीचे धनी आडवे आले. अखेर २०१६ साली तो पुरंदर तालुक्यात होणार असे जाहीर झाले आणि तेथील शेतकऱ्यांनीही विरोध आरंभला. चाकणला विमान आले नाही, आणि आगगाडी तर अद्यापही नाही. देशोदेशीच्या कंपन्यांच्या मोटारी जेथे तयार होतात त्या गावाला रेल्वेचे स्टेशन नाही, हे परक्या माणसाला सांगितले तर त्याला थट्टा वाटेल. १६६० साली फिरंगोजी नरसाळ्याने चाकणचा किल्ला असा लढवला की तो घेण्यास शाहिस्तेखानाला दोन महिन्यांच्या आसपास लागले. आज पाळी सुटण्याच्या वेळी जो कोणी चाकणच्या चौकातून बाहेर पडला असेल, त्याला खानाविषयी थोडीशी सहानुभूती वाटल्यावाचून राहणार नाही.

तेव्हा उरला लोहगाव. तो मुळात लष्करी विमानतळ, आणि आजही हवाई दलाचाच. २०२४ च्या जुलैत तेथे प्रवाशांसाठी नवी प्रशस्त इमारत सुरू झाली. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये मेट्रो रामवाडीपर्यंत आली आणि विमानतळाच्या अलीकडेच थांबली. मुंबईस त्याच वर्षी ऑक्टोबरात भुयारी मेट्रो थेट विमानतळापाशी पोहोचली. दिल्लीकरांना हे सुख २०११ सालीच लाभले होते. परंतु मार्गाच्या बांधणीत दोष आढळल्यामुळे २०१२ च्या जुलैत ती गाडी बंद ठेवावी लागली आणि सुमारे सहा महिन्यांनी फिरून सुरू झाली. विमानतळापर्यंत रूळ नेणे निराळे आणि नेलेला रूळ सांभाळणे निराळे. आमचा बेत साधा होता: लोकलने पुणे स्टेशन, तेथून मेट्रोने रामवाडी, आणि पुढे रिक्षा.

सौभाग्यवतीने मुलीच्या हातावर दही घातले. गुडघ्यांमुळे तिला येणे शक्य नव्हते. जर्मनीत दोन वर्षांची नोकरी म्हणजे काय, हे त्या तेवीस किलोंच्या बॅगेत भरलेले होते: गोडा मसाला, मेतकूट, लोकरीचे कपडे, आणि आईने शेवटच्या क्षणी कोंबलेला लाडवांचा डबा. मी ती बॅग ओढत फलाटावर आलो आणि गर्दीकडे पाहून प्रथमच मनात चरकलो. परंतु मुलीसमोर तसे दाखवणे शक्य नव्हते.

या मार्गावर गर्दी का होते, हे कोणत्याही जुन्या पासधारकाला पाठ असते. पुणे आणि लोणावळा यांच्यामध्ये सुमारे ६४ किलोमीटरांत दोनच रूळमार्ग आहेत, आणि त्यांवरूनच मुंबईच्या जलद गाड्याही जातात, मालगाड्याही जातात. घरात पाहुणे आले की मुलांनी ज्याप्रमाणे बाजूला सरकावे त्याप्रमाणे लोकलने सरकायचे. दुपारच्या वेळी रुळांची देखभाल करायची म्हणून कित्येक वर्षे काही तास लोकल धावतच नसे. तिसरा व चौथा मार्ग टाकावा ही मागणी जुनी आहे. मावळातली गावे वाढली, कारखाने वाढले, पिंपरी-चिंचवडचे महानगर झाले; रूळ मात्र दोनच राहिले. मुंबईत एक लोकल चुकली तर माणूस मागून येणाऱ्या लोकलकडे पाहतो. येथे एक चुकली तर त्याचा दिवस चुकतो.

गाडी आली. आम्ही चढलो, म्हणजे आम्हांला चढवण्यात आले. बॅग आमच्या हातून केव्हा सुटली हे मला कळले नाही. रात्रपाळी करून परतणाऱ्या दोघा कामगारांनी ती उचलून दाराशी उभी केली. “काका, विमानाची बॅग दिसते,” त्यांतला एक जण कौतुकाने म्हणाला. वर फळीवर जागा नव्हती, बाकाखाली ती मावण्यासारखी नव्हती. मुलीचा एक खांदा मला दिसत होता. आजच्या सकाळी तिच्याशी पुष्कळ बोलावे असे मी योजले होते. परंतु चार माणसांच्या डोक्यांवरून बापाने मुलीला काय सांगावे? “पासपोर्ट आहे ना?” एवढेच मी दोनदा विचारले.

पिंपरी गेली, कासारवाडी गेली. माझा राग वाढत होता आणि मी मनातल्या मनात वर्तमानपत्राला पत्र लिहिण्यास आरंभ केला होता. ‘विमानतळावर जाणाऱ्या सुशिक्षित प्रवाशांचे काय हाल होतात,’ असे पहिले वाक्य मी बरेच घासून-पुसून तयार केले. इतक्यात दापोडी आली.

फलाटावर विशी-बाविशीचा एक मुलगा दारापाशी धावत आला. हातात जेवणाचा डबा. दारात एका माणसाला पाय टेकण्यापुरती जागा होती, आणि तेथे आमची बॅग उभी होती. “काका, बॅग जरा आत घ्या की,” तो म्हणाला. “आत कुठे घेऊ, बाळ?” मी म्हणालो. मी चिडलो नव्हतो. उलट, हसून म्हणालो. आणि तेच हसणे मला नंतर कित्येक दिवस आठवत राहिले. गाडी हलली. तो दोन पावले धावला आणि थांबला. “गेला खाडा!” असे तो मोठ्याने म्हणाला, मला नव्हे, कोणालाच नव्हे.

डब्यात कोणी मला बोल लावला नाही. कामगारांपैकी एक जण एवढेच म्हणाला, “ठेक्यावरचं पोरगं असेल. उशीर झाला की गेटावरूनच परत.” ते त्याने पावसापाण्याविषयी बोलावे तशा स्वरात सांगितले. मी मुलीकडे पाहिले. ती माझ्याकडे पाहत नव्हती. बॅगेच्या मुठीकडे पाहत होती. माझे पत्र पहिल्याच वाक्यावर थबकले. त्या वाक्यातला ‘सुशिक्षित’ हा शब्द मी खोडला, मग ‘विमानतळावर’ हा खोडला, आणि मग उरलेल्या शब्दांना काही अर्थच राहिला नाही. माझे हाल वर्षातून एखाद्या सकाळचे. टॅक्सी बोलावण्याजोगे पैसे घरात होते. केवळ आपल्या जुन्या गाडीचा अभिमान मिरवावा म्हणून मी त्या डब्यात शिरलो होतो, आणि ज्याला दुसरा मार्गच नव्हता त्याची जागा माझ्या बॅगेने घेतली होती.

पुढचा प्रवास सुरळीत झाला. मेट्रो स्वच्छ होती, बसायला जागा होती, रिक्षाही लगेच मिळाली. विमानतळाच्या दाराशी मुलीने वाकून नमस्कार केला. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. दोघांच्याही मनात एकच गोष्ट होती, आणि ती आम्ही दोघांनीही काढली नाही. “बाबा, परत जाताना टॅक्सी करा,” एवढे म्हणून ती आत गेली. काचेपलीकडे ती बॅग सहजपणे ढकलत होती. तेथे चाकांना फरशी होती.

मी लोकलनेच परतलो. दुपारची वेळ, डब्यात पाय पसरून बसण्याइतकी जागा होती. दापोडीला गाडी थांबली तेव्हा मी उगाच उठून दाराशी गेलो. फलाटावर दोन शाळकरी मुली आणि एक भाजीवाली एवढीच मंडळी होती.

घरी सौभाग्यवती वाटच पाहत होती. “वेळेवर पोहोचलात ना? गर्दी होती का हो फार?”

“होती.”

“आणि एवढ्या मोठ्या बॅगेला जागा मिळाली?”

“मिळाली,” मी म्हणालो, आणि हातपाय धुण्यासाठी आत गेलो.