उन्हाळा, कूलर आणि घरातले वाय-फाय

नागपूरचा मे महिना कसा असतो, हे वाचकांना सांगायला नको. पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, दुपारी रस्ते ओस पडतात, माणूस सावली धरून बसतो. पण याच दिवसांत घरातले वाय-फायही माणसासारखेच मलूल होते, याचा विचार आपण सहसा करीत नाही.

आमचे घर दोन मजली. खाली विटांच्या दोन खोल्या, वर टिनाच्या छपराची एक खोली. खालचा सिग्नल वर पोहोचत नाही म्हणून आम्ही हप्त्याने दोन डब्यांचा मेश वाय-फाय संच घेतला. यात मुख्य डबी इंटरनेटच्या वायरीला जोडलेली असते आणि दुसरी डबी तिच्याकडून हवेतून सिग्नल घेऊन पुढे देते. वरच्या खोलीत आमची मुलगी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. हिवाळाभर सारे नीट चालले. एप्रिल सरला आणि रोज दुपारी १ नंतर सिग्नल तुटू लागला. सराव परीक्षेचा पेपर अर्ध्यावर अडकायचा, घड्याळ मात्र पुढे पळायचे. पोरीच्या डोळ्यांत पाणी यायचे.

कंपनीने लाइन ठीक असल्याचे कळविले. दुकानदार म्हणाला, नवा संच घ्या. एका पगारावर चालणाऱ्या घराला असला सल्ला परवडत नाही. तेव्हा आम्ही एक वही केली. सिग्नल किती वाजता तुटला, कोणता दिवा लागला होता, कूलर चालू होता की बंद, एवढेच तीत लिहायचे. ८ दिवसांत उलगडा होऊ लागला. फायबरच्या डबीवरचा लॉसचा लाल दिवा एकदाही लागला नव्हता. मुख्य डबीला वायरने जोडलेला भाच्याचा लॅपटॉप भरदुपारीही नीट चालला. म्हणजे दोष बाहेरच्या लाइनचा नव्हता, घरातच होता.

वरची डबी सज्ज्यावर, टिनाजवळ होती. गरम हवा वरच साचते. असली यंत्रे बहुधा ४० अंशांपर्यंतच्या हवेत चालण्यासाठी बनवलेली असतात. माहितीपत्रकात तसे छापलेले असते. त्यापुढे आतली चिप तापते, काम मंदावते, नाहीतर डबी आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होते. आम्ही ती उतरवून कमरेइतक्या उंच स्टुलावर, मोकळ्या हवेत ठेवली. दुपारचे बंद पडणे थांबले.

तरी वेग कमीच. वही पाहिली, तर कूलर बंद असतानाही तो कमी होता. म्हणजे मोटारीचा संबंध नव्हता. कूलर जिन्याजवळच्या खिडकीत, दोन्ही डब्यांच्या बरोबर मध्ये बसवलेला. त्याचा पत्रा वाय-फायच्या लहरी परतवतो आणि टाकीतले पाणी त्या शोषून घेते. खालची डबी जिन्याच्या दुसऱ्या बाजूला सरकवताच वेग वाढला. पुढे १५ मीटर लॅन केबल जिन्याने वर नेऊन दोन्ही डब्या जोडल्या, तेव्हा त्यांच्यामधल्या अडथळ्याचा प्रश्नच मिटला. अशी केबल १०० मीटरपर्यंत चालते.

आमच्या बंधू-भगिनींना एवढेच सांगणे आहे. टीव्हीवर घालतो तसा विणलेला रुमाल डबीवर घालू नका. ती इन्व्हर्टरवर किंवा सेट-टॉप बॉक्सवर ठेवू नका. गार राहावी म्हणून ओले फडके टाकू नका, कूलरच्या दमट झोतातही ठेवू नका. आणि एका वेळी एकच बदल करा, दोन दिवस पाहा, मगच दुसरा करा. नाहीतर गुण कशाने आला ते कळत नाही.

यंत्र अडले की आपण नशिबाला बोल लावतो, नाहीतर खिशात हात घालतो. त्याआधी वही-पेन हातात घ्यावे. आमची मुलगी आता भरदुपारी पूर्ण पेपर सोडवते. शेजारची दोन पोरेही येऊन बसतात, आपले फॉर्म भरतात. नव्या संचाचे वाचलेले पैसे पुस्तकांना लागले.