वर्गणीतलं अंतराळ

शिर्डीच्या प्रसादालयाच्या गच्चीवर 2009 साली 73 सौर तबकड्या बसल्या. सूर्य सरकेल तशा त्या वळणार, पाण्याची वाफ करणार आणि त्या वाफेवर खाली हजारो भक्तांचा वरणभात शिजणार. विज्ञानकथेची मालिका लिहिणाऱ्याला आणखी काय हवं? परग्रहावरची वसाहत संगणकावर उभी करायची गरजच नाही. सगळ्या तबकड्या सूर्याकडे बघतायत आणि एकच भलतीकडे तोंड करून उभी आहे, एवढं दाखवलं की बघणारा सावरून बसतो.

नागपूरच्या आरती कडव यांच्या ‘कार्गो’ या चित्रपटात हाच धीर आहे. पुष्पक नावाचं यान, मेलेल्यांना पुढच्या जन्मासाठी तयार करणारा राक्षस. यंत्रं जुनाट, कल्पना अस्सल इथली. 2020 मध्ये नेटफ्लिक्समुळे तो घरोघरी पोचला.

मराठी विज्ञानमालिका घेऊन ओटीटीवाल्यांकडे गेलं, की मात्र पहिला प्रश्न येतो, ‘हे बघणार कोण?’ अहो, नारळीकरांच्या विज्ञानकथा वाचत इथे पिढ्या वाढल्या! प्रेक्षक आहे, त्याच्यापर्यंत थेट जायला हवं. ‘मिस्ट्री सायन्स थिएटर 3000’ ही बंद पडलेली अमेरिकी मालिका 2015 मध्ये चाहत्यांनी 57 लाख डॉलर जमवून पुन्हा उभी केली. ती नेटफ्लिक्सवर गेली, दोन सीझननंतर तिथूनही सुटली. 2021 मध्ये चाहत्यांनीच पुन्हा खिशात हात घातला. आपल्याकडे तर 1976 च्या ‘मंथन’ चित्रपटासाठीच गुजरातच्या 5 लाख शेतकऱ्यांनी प्रत्येकी 2 रुपये दिले होते.

शिर्डीतल्या समाधी मंदिराचं थेट दर्शन लोक दूरदेशी फोनवर घेतात, देणगीही फोनवरूनच देतात. पण श्रद्धेची दक्षिणा वेगळी, मालिकेची वर्गणी वेगळी. वर्गणी देणारा हिशोब मागणार, आणि मागावाच. त्या हिशोबाच्या धाकाने लेखणीला चांगली शिस्त लागते. पानभर लिहिलेला स्फोट खोडावा लागतो, मग तिथे दोन माणसांचं बोलणं येतं आणि प्रसंग उभा राहतो.

म्हणून अख्ख्या मालिकेसाठी हात पसरायचा नाही, असं मी ठरवलंय. आधी फक्त पहिल्या भागाची वर्गणी. त्यातला मोठा वाटा ध्वनीला: नळीतून धावणारी वाफ, कुरकुरणारी झडप, भांड्यांचा खणखणाट. कागदी पुठ्ठ्याचं यान एक वेळ खपेल. आवाज खोटा वाटला तर प्रेक्षक दुसऱ्या मिनिटाला उठून जाईल. पहिला भाग सगळ्यांना फुकट दाखवायचा, खर्चाचा तक्ता त्याच्याखाली जोडायचा आणि मगच दुसऱ्या भागाचे पैसे मागायचे.